दुकानात हरवलेले आमचे हे

जर्मनीत लेकाकडं गेलो तेव्हा माझा जीव खरा घाबरला तो एका फर्निचरच्या दुकानात. दुकान कसलं, आमच्या लातूरचं अख्खं मार्केट यार्ड आत मावेल एवढं. आत नुसत्या खोल्या मांडलेल्या. बेडरूम, पुढं स्वयंपाकघर, परत बेडरूम. पलंगावर चादरी, टेबलावर कपबश्या, अन् राहत कुणीच नाही. जमिनीवर बाण काढलेले, त्यांच्या मागं आपण चालायचं. लेक आम्हाला सोडून कामावर गेला. "जेवायच्या सुट्टीत न्यायला येतो, तवर बघा निवांत," म्हणाला.

आमचे हे "बाथरूमला जाऊन येतो, इथंच थांब" म्हणून गेले. मी एका हिरव्या सोफ्यावर बसले. लई वेळ झाला, हे येईनातच. उठून बघायला गेले तर सोफाही परत सापडेना. कुठल्याही बाणामागं चाला, फिरून तेच स्वयंपाकघर.

ह्यांना शुगर आहे. सकाळी गोळी घेऊन नुसत्या चहावर निघालेले, अन् शेंगदाण्याचे लाडू माझ्या पिशवीत. शुगर उतरली की ह्यांना घाम फुटतो, आपण कुठं आहोत तेही उमजत नाही. मागं असंच लातुरात गंजगोलाईच्या बाजारात झालं, तर भांड्याच्या दुकानदारानं ओळखलं, साखर चारली, रिक्षात घालून घरी आणलं. इथं ह्यांना कोण ओळखतंय? मोबाइल एकच, तोही ह्यांच्याच खिशात. लेकाचा नंबर त्यातच.

विचारत विचारत, म्हणजे हातवारे करत, मी खाली काउंटरपाशी पोचले. तिथं एक पोरगी, पुढ्यात माइक. मी तिला टक्कल दाखवलं, मिशी दाखवली, रडवेलं तोंड तर होतंच. "नेम?" तिनं विचारलं. एवढं मला कळलं. मी म्हणाले, "मिस्टर." तिनं ते लिहिलं अन् पेन धरून पुढच्याची वाट बघत बसली.

आता आली का पंचाईत! लग्नाला चाळीस वर्षं झाली, उखाण्याशिवाय मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. माझं माहेर किल्लारीकडचं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, म्हणायच्या तिकडच्या बाया. बँकेत साहेबानं विचारलं तरी मी शेजारणीला कोपरानं ढोसते, तू सांग म्हणून. इथं शेजारीण कुठून आणू? ह्या बयेला उखाणा म्हणून दाखवू काय? डोकंच चालेना. घेतलं तर आयुष्य कमी, अन् नाही घेतलं तर आत्ताच काय होऊन बसेल कोण जाणे. शेवटी डोळे मिटले अन् घेतलं. नुसतं नाव, त्याच्यापुढं ना चांदीचं ताट ना काही.

पोरगीनं माइकवर सांगितलं. अरे देवा! माझ्याच नवऱ्याचं नाव मला ओळखू येईना. मागं-पुढं जर्मनचा ढीग, मधी कुठंतरी आमचे हे. लोक आपले उशा दाबून बघत चाललेले. तिनं परत सांगितलं. कुणी आलं नाही. नावही घेऊन झालं अन् माणूस काही येईना.

मग माझं टाळकं फिरलं. मी वाकून माइक ओढला.

"अवो! अवो, ऐकू येतंय का? मी हाय! कुठं जाऊन बसलाव? ते बाण सोडा अन् खाली या, जिथं लोकं पैसे द्यायलेत तिथं! लाडू माझ्यापाशी हायत, लौकर या!"

पोरगी माझ्याकडं बघतच राहिली.

जरा वेळानं कपाटांच्या मधून हे आले. सदरा घामानं ओला. मी सगळ्यांसमोर ह्यांच्या तोंडात लाडू कोंबला, मग दुसरा. रडू आलं ते आलंच. पोरगीनं खुर्ची दिली, पाणी दिलं, जर्मनमधी कायतरी बोलली. मी नुसतं "हाव, हाव" म्हणत राहिले.

चेहऱ्यावर रंग आला तसे हे बोलायला लागले. "एका पलंगावर बसलो होतो. घर कोणाचं तेच उमजंना. म्हणलं, आतून कोणतरी येईल, पाणी देईल, मग विचारावं. कोणीच येईना. माइकवर माझ्या नावासारखं कायतरी आलं, पण इथं माझं नाव कोण घेतंय? मग तू 'अवो' म्हणलीस, तवा उठलो."

मी पदरानं ह्यांची मिशी पुसली. लाडवाचा चुरा लागला होता.

"पण त्या पोरीला माझं नाव सांगितलं कोणी?"

"पासपोर्टवर बघितलं असंल."

ह्यांनी खिसा चाचपला. पासपोर्ट त्यांच्याच खिशात होता. माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "एकदा मलाबी ऐकू दे की."

"गप लाडू खावा," मी म्हणाले.