उपाशी मासे

चिमणाबाई गंगापूर रोडवरील त्या बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायला आल्या त्या १९९४ च्या जून महिन्यात, आणि तेही केवळ मुलीच्या शाळेसाठी. घोटीच्या पलीकडे डोंगराला टेकून त्यांचे गाव होते. नवरा सावळीराम तेथील भातशेती पाही आणि द्राक्षांच्या छाटणीच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला जाई. मुलगी रोशनी तिसरीत होती. तिने मॅट्रिक व्हावे, आणि तेही शहरातल्या शाळेतून, हा चिमणाबाईंचा एकमेव हट्ट होता. जवळच्या रोपवाटिकेत त्यांना काम मिळाले, आणि शाळा खोलीपासून चार मिनिटांच्या वाटेवर होती. या दोन गोष्टी जुळून आल्यामुळे तिसऱ्या गोष्टीबद्दल त्यांनी वाद घातला नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मालकिणीची अट. इंदिराबाईंचे यजमान हयात असताना पंचवटीत यात्रेकरूंचे पौरोहित्य करीत. त्यांच्या पश्चात घरात इंदिराबाई आणि पाटबंधारे खात्यात नोकरीला असलेला त्यांचा अविवाहित मुलगा उपेंद्र, अशी दोनच माणसे उरली होती. खोलीची किल्ली देताना इंदिराबाई म्हणाल्या होत्या, "बाकी तुझं काहीही असो, चिमणा. या छपराखाली मासे शिजत नाहीत."

चिमणाबाईंनी ही अट चार वर्षे तंतोतंत पाळली. माशांचे कालवण त्या गावी गेल्यावरच खात: हळद, भरपूर लसूण, भाजलेल्या खुरासणीचे, म्हणजे कारळ्याचे, वाटण, चिंचेचा कोळ आणि सोबत नागलीची भाकर. शहरात परतल्यावर मात्र त्यांच्या वाट्याला मासा येई तो भिंतीवरचाच. खोलीच्या खिडकीवर त्यांनी गेरू सारवून तांदळाच्या पिठाने एक लांबट मासा रेखला होता. ठेचलेल्या बांबूच्या काडीने काढलेले त्याचे खवले इतके सारखे होते, की ते एका साच्यातून पडल्यासारखे वाटत.

१९९८ च्या चैत्रात गळका नळ पाहण्यासाठी मागे आलेल्या इंदिराबाईंची नजर त्या माशावर गेली. त्यांचा चष्मा पुढच्या खोलीत राहिला होता, तरीही त्या बराच वेळ तेथे उभ्या राहिल्या. दर चैत्रात अंगणात त्या स्वतः चैत्रांगण रेखीत. त्यात कमळ, कासव आणि माशांची जोडी हमखास असे. या वर्षी गुडघे वाकेनासे झाले होते आणि शुक्रवारी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते.

"माझ्या पडवीच्या भिंतीवर काढशील असे मासे?" त्यांनी विचारले. "बायका खाली नाही तर वर बघतील."

"काढीन की. किती मानसं घरात?"

"आम्ही दोघंच. का गं?"

चिमणाबाई हसल्या आणि गेरू कालवायला लागल्या.

मंगळवारी संध्याकाळी काम संपले. गेरूच्या पट्ट्यावर तीन मासे पोहत होते: एक मोठा, एक मध्यम, एक लहान. इंदिराबाई या वेळी चष्मा लावून आल्या. त्यांनी खवले पाहिले, शेपटीची वळणे पाहिली, आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"डोळे कुठं आहेत?"

"डोळा मागनं, काकू. ज्याच्या नावचा मासा, त्यानं त्याच छपराखाली माशाचं कालवन खाल्लं, की मंग डोळा. आमची आय असंच करी. उपाशी मासा घराकडं बघाया लागला तर कणगीतलं धान उतरतं, म्हनायची."

"म्हणजे माझ्या पडवीत हे आंधळे मासे राहणार?"

"आंधळं नाय. उपाशी हायेत."

"माणसं दोन, मग मासे तीन का?"

"धाकला मागल्या खोलीचा. आमी पन याच छपराखाली हाय ना?" चिमणाबाई सहज म्हणाल्या. "खिडकीवरचा बी तसाच हाय चार सालं. तुमी बगितला नसंल नीट."

इंदिराबाईंना शुक्रवारच्या पन्नास बायका दिसू लागल्या. त्यांनी समजावले, मग बजावले: तीन ठिपके, दुसरे काही नाही. चिमणाबाईंनी काडी पिठाच्या पाण्यात बुडवली, उचलली आणि पुन्हा वाटीत ठेवली. "हात चालत नाय, काकू."

"मग पुढच्या महिन्यापासून दुसरी खोली बघ," इंदिराबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

चिमणाबाई पायरीवर बसून राहिल्या. रोशनी तेव्हा सातवीत जाणार होती. एवढ्या भाड्यात शाळेजवळ दुसरी खोली मिळणार नव्हती, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तीन ठिपके काढायला तीन निमिषे पुरली असती. त्या उठल्या, भिंतीजवळ गेल्या आणि मोठ्या माशाच्या डोक्यावर मोकळ्या ठेवलेल्या वाटोळ्या जागेवरून त्यांनी कोरडे बोट फिरवले. आईचा हात धरून शिकलेली ती जागा होती. त्यांनी बोट मागे घेतले आणि दारातूनच विचारले, "भिंत पुसून देऊ का मंग?"

आत उपेंद्र नुकताच कचेरीतून येऊन चहा पीत होता. आईच्या तोंडून सारी हकीकत ऐकल्यावर त्याने कप बशीत ठेवला.

"आई, एक सांगायचं होतं. मी मासे खातो. दारणा धरणाच्या दौऱ्यावर गेलो की घोटीला."

"ठाऊक आहे," इंदिराबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं तुझे रुमाल मी धुते आहे."

"मग कधी बोलली नाहीस?"

"तू बोलायची वाट बघत होते. तुझ्या लग्नाचीही बघते आहे, पण रुमालाचं आधी निघालं."

उपेंद्रने मान खाली घातली. पण तो हसू दाबतो आहे हे दारातल्या चिमणाबाईंनाही दिसले. इंदिराबाईंनी दाराकडे पाहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी सोवळ्यातल्या पाण्याला कोणाचा हात लागू दिला नव्हता आणि त्यापायी सासरची, माहेरची किती माणसे दुखावली याची गणती नव्हती. खोली जाईल हे माहीत असूनही हात आखडून उभी असलेली ही बाई त्यांना एकाएकी फार ओळखीची वाटली.

"पुसायची नाही भिंत," त्या म्हणाल्या. "हे हिचं सोवळंच आहे, उपेंद्र. आपल्याला कळत नाही एवढंच." मग चिमणाबाईंकडे वळून त्यांनी एकेक मुद्दा स्पष्ट केला: मासे मागच्या खोलीतच शिजतील, खिडकी रोपवाटिकेच्या बाजूची उघडायची, सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी वर्ज्य. "उद्या बुधवार आहे. मी पाहिलं पंचांग."

"आन् खोली?"

"खोलीत माणूस नसेल तर धाकट्याचा डोळा कोणासाठी काढणार आहेस?"

बुधवारी उपेंद्रने अर्धी रजा टाकली आणि गंगापूर धरणावर जाळे टाकणाऱ्या हिरामणकडून दीड किलोची मरळ आणली. चिमणाबाईंनी ती राखेत घोळून साफ केली. पहिला लसूण तेलात पडला तेव्हा पुढे इंदिराबाईंच्या बाजूची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धुपाचा वास. नागलीच्या भाकरीशी उपेंद्र तीन वाट्या कालवण जेवला. रोशनी काटे काढून देण्याच्या मिषाने त्याच्या ताटातले तुकडे पळवू लागली.

"दादा, काटं नीट बगा. कचेरीतली फाईल नाय ती," चिमणाबाई म्हणाल्या.

हात धुऊन त्यांनी दोन डोळे काढले, मधल्या माशाला आणि धाकट्याला. मग खोलीत येऊन खिडकीवरच्या माशालाही तिसरा. चार वर्षांत प्रथमच तो त्यांच्याकडे पाहत होता.

शुक्रवारी कैरीची डाळ आणि पन्हे घेता घेता बायकांचे लक्ष भिंतीकडेच होते. अखेरीस एकीने विचारलेच, "इंदिराबाई, मोठ्या माशाचा डोळा राहिला का हो?"

"तो माझा आहे," इंदिराबाई गंभीरपणे म्हणाल्या. "त्याचा उपास आहे."

पन्ह्याचा तांब्या घेऊन आलेल्या चिमणाबाईंना पदर तोंडावर धरावा लागला. त्या दिवशी तिघींनी त्यांना आपापल्या घरच्या भिंती दाखवायला बोलावले.

रोशनीने त्या खोलीतूनच मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पुढे चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा केला. दर चैत्रात मायलेकी पडवीची भिंत नव्याने सारवीत आणि तेच तीन मासे रेखीत.

२००५ साली उपेंद्रच्या लग्नाच्या निमित्ताने बंगल्याला रंग दिला. चौकटीचा रंग भिंतीवर आला म्हणून काठ दुरुस्त करताना रंगाऱ्याला मोठा मासा अपुरा वाटला. त्याने सद्भावाने ब्रशच्या टोकाने एक नेटका पांढरा ठिपका दिला. काठी टेकत बाहेर आलेल्या इंदिराबाईंनी तो पाहिला आणि ओला फडका मागवला. चिमणाबाई धावत आल्या.

"राहू द्या ना काकू. चुकून झालंय, धान नाय उतरायचं."

"नियम तुझा आहे, पण मासा माझा आहे," इंदिराबाई म्हणाल्या आणि रंगाऱ्याच्या हातात फडका देऊन त्यांनी काठीने जागा दाखवली. "पुसा तो. मी अजून जेवलेली नाही."