छतावर नेलेली नळी

नव्वदच्या दशकात शारजाच्या एका गॅरेजात मी फोरमन होतो. सोव्हिएत देश मोडला आणि तिकडचे अवजड ट्रक आमच्या मालकाकडे यायला लागले. गाडी दणकट, पण बर्फासाठी घडवलेली. इंजिन गारठू नये म्हणून रेडिएटरपुढे झडपा होत्या. हवा ओढायचं तोंड चाकापाशी, त्यामुळे अल ऐनच्या रस्त्यावर सगळी वाळू फिल्टरमध्ये जायची.

वाळवंटात चालेल असं नवं मॉडेल बनवायला तिकडच्या ट्रक कारखान्याने एक इंजिनिअर पाठवला. मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा, पण आमची गट्टी जमली. शुक्रवारी घरी जेवायला यायचा आणि घाम पुसत बायकोच्या हातचं पिठलं चापायचा. झडपा काढ आणि हवेची नळी केबिनच्या छतावर नेऊन तोंड मागे वळव, हे त्याला मी सांगितलं. आधी तो हसला. मग आम्ही दोघांनी मिळून एका ट्रकवर ते करून पाहिलं. फिल्टर आठवडाभर साफ राहिला.

गाडीत काहीही बदललं की जॉबकार्डावर लिहून सही करायची, हा गॅरेजचा शिरस्ता. मी कार्ड काढलं तर तो म्हणाला, "खलास, पुरे, इथे नको लिहूस. कारखान्याच्या रिपोर्टमध्ये मी तुझं नाव टाकतो." इतक्या वर्षांत मी कार्ड कधी कोरं सोडलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं.

महिन्याभरात त्या ट्रकचा ऑइल पंप तुटून इंजिन जाम झालं. नळीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण मालकाने नळी बघितली आणि हे कोणी करायला सांगितलं म्हणून विचारलं. मी मित्राकडे पाहिलं. आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, तुमच्या माणसाने परस्पर केलं, असं तो शांतपणे म्हणाला. माझ्या घरचं मीठ खाल्लेला माणूस! माझी फोरमनकी गेली आणि मी पंक्चर काढायला बसलो.

दोन वर्षांनी नवं मॉडेल आलं, ते दाखवायला तो इंजिनिअरही आला. नळी छतावर, तोंड मागे, झडपा गायब. त्याने सगळ्यांना ती कौतुकाने समजावली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

शेजारी उभ्या रत्नागिरीच्या ड्रायव्हरने मला विचारलं, "भाऊ, ही आयडिया कोणाची ओ?"

मालक पुढ्यातच होता. माझा व्हिसा त्याच्या हातात आणि पुढच्याच महिन्यात तो रिन्यू व्हायचा होता.

"साहेबांची," इंजिनिअरकडे बोट दाखवत मी म्हणालो.

त्याने मला फसवलं, त्याचा राग आता उरला नाही. माझ्या त्या एका शब्दाची मात्र मला अजून लाज वाटते.