बोंबलाच्या वासाचे चिकू

आमच्या आईची मान वळत नसे. मागून कुणी हाक मारली की ती अख्खीच्या अख्खी वळायची, बंदरात होडी वळते तशी. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन डहाणूच्या किनाऱ्यापासून मसोलीपर्यंत दारोदार फिरण्यात तिचा निम्मा जन्म गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाटी सोडा, नाहीतर उद्या हातही उचलणार नाहीत. घरी येऊन आई म्हणाली, "पाटी सोडते. मग खायचं काय, ते पण विचारून यायला पायजे होतं."

त्याच सुमारास आमच्या आळीत बायकांचा बचत गट निघाला. कर्ज गटाला मिळायचं आणि एकीचा हप्ता चुकला तर तो बाकीच्यांनी भरायचा. म्हणून आईनं चिकूच्या चकत्या वाळवून विकायचं ठरवलं तेव्हा तिच्या मानेची चिंता अख्ख्या आळीला लागली. शेजारी राहणारी माझी काकी, आईची धाकटी जाऊ, सगळ्यांत आधी तिच्या बाजूनं उभी राहिली. काकी सुकी मासळी विकायची आणि बोलायला महा फटकळ. "वैनी, गोड विकायला निघालीस, पण तोंड तुझं तेच राहणार," असं म्हणत तिनं सही केली.

कर्जातून चकत्या करायचं यंत्र आलं, पिशव्या बंद करायचं यंत्र आलं. वाळवायला मात्र काही घ्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. वाळवणं आम्हाला कुणी शिकवावं? आमच्या घरामागं बोंबील टांगायच्या बांबूंच्या रांगा होत्या आणि शेजारी जवळा पसरायची बारीक जाळी. आईनं जाळी साबणानं घासघासून धुतली, उन्हात कडक केली आणि तिच्यावर गंजाडच्या वाडीतून आणलेल्या चिकूंच्या चकत्या मांडल्या. वर बोंबील डोलत होते, खाली चिकू वाळत होते. ते दृश्य आठवलं की मला अजून हसू फुटतं.

पहिला माल घेऊन आई आणि मी मसोलीच्या एका फरसाणवाल्या गुजराती शेठकडे गेलो. शेठनी पिशवी उघडली, चकती नाकाजवळ नेली आणि हळूच खाली ठेवली. माणूस सभ्य होता. म्हणाला, "बेन, यात तर माछलीनी वास आवे छे."

"कुठं?" आईनं पिशवीत नाकच खुपसलं. "चिकूचा तर येतोय."

संध्याकाळी सगळा गट आमच्या ओटीवर जमला. प्रत्येकीनं गंभीर चेहऱ्यानं चकती हुंगली आणि शेठ खोटारडा असल्याचा निकाल दिला. काकी तर त्याच्या दुकानावर जायलाच निघाली होती. मला मात्र ठाऊक होतं की शेठ खरं बोलतोय. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी रोज थोडी सरकून बसायची. मी केस कितीही धुतले तरी ती सरकायचीच. तो वास आमच्यापैकी कुणालाच येत नव्हता, कारण आम्ही त्यातच जन्मलो होतो. मी तसं सांगितलं तेव्हा आईनं माझ्याकडं रागानं पाहिलं. मग ती पिशवी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पाटी उचलली, आणि मला रडू आवरेना.

मार्ग काकीनंच काढला. ज्या घरांत आई मासे विकत नसे, अशा घरातली एक शाकाहारी बाई तिनं गाठली. मसोलीतल्या त्या मास्तरीणबाईंनी आपली गच्ची दिली आणि नाकही दिलं. जाळ्या बाद झाल्या, कोरं कापड आलं. माल निघण्यापूर्वी बाई प्रत्येक पिशवी हुंगायच्या आणि मान डोलवायच्या. आई गच्चीवर जाताना अंघोळ करून वेगळं लुगडं नेसायची, सकाळी घरात मासळी शिजवायची नाही. "आता चिकूसाठी उपास धरा!" काकी कुरकुरायची, पण आपल्याही चुलीवर वांगं चढवायची. पहिला फसलेला माल आम्ही पोरांनी वर्षभर डब्यातून खाल्ला. इतके चविष्ट चिकू मी नंतर कधी खाल्ले नाहीत.

शेठनी माल घेतला. हप्ते फिटले. पाटी मागच्या पडवीत गेली आणि तिच्यात कोंबडी अंडी घालू लागली. आईनं पुढं मसोलीतच, बाईंच्या घराजवळ, एक खोली घेतली. मी नोकरीनिमित्त तलासरीला आले.

परवा सुट्टीत मी आईला घेऊन आमच्या आळीत काकीकडं गेले. बऱ्याच दिवसांनी जात होतो. बोंबलांचा हंगाम होता, अंगणभर बांबूंवर बोंबील लटकत होते. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि आईनं पदर नाकाला लावला.

काकीनं ते पाहिलं. आईनंही काकीनं पाहिलेलं पाहिलं आणि झटकन पदर खाली घेतला.

"वास येतो गं," ती पुटपुटली. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. "मला कधीच नव्हता येत."

काकी एरवी सोडणारी बाई नव्हे. त्या दिवशी मात्र तिनं बोंबलांच्या रांगेखाली खाट ओढली आणि चहा ठेवायला आत गेली.

"बसते जरा," आई मला म्हणाली. "सवय होईल."

आम्ही तिथंच बसलो. चहा झाला, जुन्या गोष्टी झाल्या, काकीनं सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या, आई पोट धरून हसली. ऊन उतरल्यावर काकीनं विचारलं, "वैनी, गेला का वास?"

आईनं मान हलवली. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, अगदी सहज. नाही.