रेनोच्या बाटल्यांतलं जस्त

कॅनडातल्या आमच्या सडबरीच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा फिनलंडचा म्हातारा रेनो लाहती म्हणजे कडक सोवळ्यातला माणूस. बाटली साबणाने धुवायची, आम्लात बुडवून ठेवायची, मग अतिशुद्ध पाण्याने विसळ विसळ विसळायची. खोलीच्या दारात तो प्रत्येकाला हुंगायचा. अत्तर, क्रीम, अंगठी, सगळं बाहेर! आमच्या साहेबीणबाई जिझेल यांनाही त्याने लिपस्टिक पुसायला लावली होती.

आणि त्याच्याच बाटल्यांत जस्त निघू लागलं.

नुसतं शुद्ध पाणी भरलेली बाटली मी यंत्राला लावायचो. काहीच दिसायला नको, पण जस्त दिसायचं. रेनोने आम्ल बदललं, नळ्या बदलल्या, सगळं पुन्हा धुतलं. पुन्हा जस्त!

"तुझं यंत्र दारू पितंय," तो माझ्यावर खेकसला.

जिझेलबाई शांतपणे म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही, तर वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्या मागवते. ही खोली बंद. तुम्ही नमुने आणायच्या गाडीवर."

रेनोला गाडीत बसलं की ओकाऱ्या होतात.

गुरुवारी तो बाटल्यांना शिव्या देत हातमोजे ओढत होता, तेव्हा मला त्याच्या बाहीवर पांढरा डाग दिसला.

"हे काय रे?"

"नातीचं ढुंगण लाल झालंय. सकाळी तिचा लंगोट मीच बदलतो."

"आणि मलम लावतोस? त्यात काय असतं, रेनो?"

त्याने बाहीवरचा डाग नखाने खरवडून पाहिला.

"पण मी हात धुतो!"

"ते जस्ताचं मलम ओल्यातही टिकावं म्हणूनच करतात, म्हाताऱ्या. आणि त्याच बोटांनी मोजे बाहेरून ओढतोस."

स्टुलावर बसून त्याने फिनिश भाषेतल्या सगळ्या शिव्या संपवल्या. मग नवऱ्या मुलाला सजवावं तसे मी त्याला नवे मोजे चढवले आणि त्याने अख्खा ढीग पुन्हा धुतला.

शुक्रवारी यंत्र गप्प. खोली वाचली. जिझेलबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, आत शिरणाऱ्या रेनोचे हात हुंगले आणि म्हणाल्या, "या आत, आजोबा."

सोमवारी मी विचारलं, "नात कशी आहे?"

"मलम आता जावई लावतो. भिंतीला गिलावा केल्यासारखं! पोरगी बोंबलून घर डोक्यावर घेते," रेनो म्हणाला आणि नळ फाडकन उघडला. "आणि मी इथे बाटल्यांना आंघोळ घालतोय!"