भवानीनगरच्या कोप्यांवर सुई-दोरा

बारामतीच्या आमच्या चर्चच्या भगिनी मंडळात पुरुषांना प्रवेश नाही. पण गाडीत एक जागा उरली, चष्म्यांचं खोकं मांडीवर धरायला माणूस हवा होता, म्हणून माझ्या बायकोने, मालनने, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरीने, मला बढती दिली. भवानीनगरजवळ उतरलेल्या ऊसतोड टोळीतल्या वयस्करांना जवळचं दिसायचे चष्मे द्यायचे होते.

जाणार असाल तर हंगामात वेळ हाताशी ठेवा. उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्ध्या तासाचा रस्ता तासाभराचा होतो. मला घाई नव्हतीच. उसाला तुरे आलेले, आणि वर्षानुवर्षं शिकवलेल्या चौथीच्या पुस्तकातल्या कविता आपोआप ओठांवर येत होत्या. तिसरी सुरू केली तेव्हा अध्यक्षा मार्थाबाई, निवृत्त नर्स, म्हणाल्या, "सर, खोकं धरा. दोन्ही हातांनी."

कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या पाचटाच्या झोपड्यांवर, सकाळी जाऊ नका, सगळे फडात असतात. दुपारी टोळी परतली आणि आम्ही अक्षरांचा तक्ता बाभळीला टांगला. पहिल्याच आजी म्हणाल्या, "अक्षरं दिसत्यात झ्याक. पर वाचाया कुणी शिकवलंय?"

हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं! मग मार्थाबाईंनी पर्समधून गोधडीची सुई काढली. दोरा ओवता आला तर चष्मा नको, नाही आला तर घ्या.

काशीबाई मात्र चुलीपाशीच बसून राहिल्या. मालनच्या कानात म्हणाल्या, "मला दिसत न्हाय हे मुकादमाला कळलं, तर पुढल्या साली आमचा कोयता टोळीत घ्यायचा न्हाय." नवरा-बायको मिळून एक कोयता, ती गेली की दोघांचंही काम गेलं. मालनने मार्थाबाईंना खूण केली.

"पहिला मान मुकादमांचा!" मार्थाबाई गरजल्या.

दगडूराव मुकादम ऐटीत पुढे आले. दोरा सुईच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा मिशीत गेला.

"दोराच वाकडा हाय."

"मग वहीतली नावं कशी वाचता?"

"आंदाजानं!"

टोळी हसून लोळली. चष्मा चढवताच दोरा पहिल्या झटक्यात आत गेला.

"जवळचं दिसत नसेल तर टोळीतून काढतात म्हणे," मार्थाबाई म्हणाल्या. "तुमचं कसं करायचं?"

दगडूराव चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत राहिले. "कोण काढतंय वो? ऊस काय सुईएवढा असतोय व्हय? या समदी. पुढल्या सालीबी हाईतच की!"

तेव्हा काशीबाई उठल्या. पण त्यांच्या नंबरचे चष्मे संपलेले. मालनने मला न विचारता माझ्या नाकावरचा, त्याच नंबरचा, काढून त्यांना घातला. "यांना सगळं पाठ आहे," ती म्हणाली.

काशीबाईंनी दोरा ओवला. मग शेजारी भाकरी खात बसलेल्या नवऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन निरखलं. "अगं बया! तुमी एवढं म्हातारं कवा झालाव?"

"तू बघत नव्हतीस तवा," तो भाकरी चावत म्हणाला.

घरी येऊन चार दिवस झाले. सगळं पाठ आहे हे खोटं निघालं. दुसऱ्या कडव्याशीच अडतो. समोर मालन भाजी निवडत असते, जरा धूसर, लग्नातल्या फोटोत आहे तेवढ्याच वयाची. चष्मेवाल्याला मी कळवलंय, सावकाश करा.