दूध बघून येते

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी पोह्यांची बशी हातात धरून एकच प्रश्न विचारला, "सतरा नव्वे किती?" नुकतेच निवृत्त झालेले गणिताचे मास्तर ते, दुसरं काय विचारणार! मला उत्तर येत होतं. पण अख्खं घर माझ्या तोंडाकडे बघत बसलेलं, त्यामुळे तोंडातून शब्द फुटेना. लग्न ठरलं, आणि तो किस्साही माझ्याबरोबर सासरी नांदायला आला. आल्यागेल्या प्रत्येकाला तो चहाच्याही आधी मिळायचा. "सून गुणी आहे हो, फक्त सतरा नव्वे विचारू नका!" मी हसायची. मनात मात्र धुमसायची. या माणसाच्या तोंडून माझ्या हिशेबाला एकदा तरी 'बरोबर' म्हणवून घ्यायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं.

पुढे नवरा जर्मनीत वोल्फ्सबुर्गला नोकरीला लागला आणि बाबा, म्हणजे सासरे, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी मागे राहिल्या होत्या. आमची वस्ती शहराबाहेर, शांत, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही, आणि गाडी नवऱ्याबरोबर ऑफिसात. बाबा दोन दिवसांत कंटाळून गेले. तेवढ्यात त्यांना टीव्हीवर दुपारचा एक कार्यक्रम सापडला. नऊ अक्षरांतून मोठ्यात मोठा शब्द करायचा, मग सहा आकड्यांतून सांगितलेली संख्या जुळवायची. नुकताच सुरू झालेला, पहिलाच मोसम. निवेदक बिचारा स्वतःच घड्याळाला घाबरायचा आणि प्रेक्षक टाळ्या भलत्या वेळी वाजवायचे. बाबांना जर्मन येत नव्हतं, पण आकड्यांना भाषा कुठे लागते? आकडे आले की बाबा सोफ्यावरून पुढे सरकायचे आणि खड्या आवाजात पाढे सुरू व्हायचे.

आमच्या सासरी एक अलिखित नियम आहे. बाबांच्या आधी उत्तर द्यायचं नाही. पस्तिशी गाठलेला माझा नवरासुद्धा त्यांच्यासमोर हॉटेलचं बिल मनातल्या मनात जुळवतो. तिथे सुनेची काय कथा! पण मला उत्तर सुचायचं, बहुतेकदा त्यांच्या आधीच. सुचलेलं उत्तर तोंडात धरून बसणं म्हणजे गरम बटाटा गिळण्यासारखं. म्हणून मी एक पळवाट काढली. उत्तर सुचलं की, "दूध बघून येते हं, बाबा," म्हणून उठायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन ते भांड्याला सांगायचं.

दूध खोक्यातलं, न तापवता पिण्याजोगं. पण न तापवलेलं दूध बाबांना चालत नसे. माझ्या पथ्यावरच पडलं.

पाढ्यांच्या आवाजाने एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी वर आल्या. दुपारची रुहेत्साइट, म्हणजे गप्प बसायची वेळ, आम्ही मोडली होती. त्या चांगल्या तावातावाने आल्या, टीव्हीकडे नजर गेली आणि तिथेच बसल्या. तेव्हापासून अक्षरं आजींची, आकडे बाबांचे, आणि मधली दुभाषी मी. बाबांनी मला त्यांनाही सतरा नव्व्यांचा किस्सा सांगायला लावला. माझ्याच तोंडून! मी म्हटलं, "बाबा म्हणतात, तुमचा केक फार छान झालाय." आजींनी मान डोलावली. बाबांना वाटलं, किस्सा रंगला.

बाबा परत जायच्या आधल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे उठायला लागले तर आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आल्झो, बरं का, हे दूध तापवावं लागत नाही. मग तू रोज आकड्यांच्याच वेळी का पळतेस?" मी लाजून खाली बसले. इकडे बाबांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि छाती फुगवून जाहीर केलं, "हे जुळणारच नाही. अशक्य!"

दुसऱ्याच क्षणी कार्यक्रमातल्या गणिताच्या बाईंनी ते फळ्यावर अचूक जुळवून दाखवलं.

बाबा माझ्यावर उखडले. "अगं, पण तू उठली नव्हतीस ना!"

बोलून गेले आणि जीभ चावली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी उठले की उत्तर आहे, तेव्हा शोधत राहायचं. मी बसून राहिले की उत्तर नाही, तेव्हा 'अशक्य' म्हणून मोकळं व्हायचं. तीन महिने मास्तर माझ्या जिवावर हुशारी मिरवत होते, आणि वर किस्साही माझाच! मला इतका राग आला की हसूच फुटलं. आजी विचारत होत्या, काय झालं. मी त्यांना सगळं खरंखरं सांगितलं, सतरा नव्व्यांसकट.

शेवटच्या दुपारी आजी वेळेआधीच येऊन बसल्या. आकडे आले. पंचवीस, आठ, नऊ, चार, आणि दोन फुटकळ. जुळवायचे होते सहाशे बारा. मला उत्तर दिसलं तशी मी सोफ्यात आणखी रुतून बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"अगं, दूध उतू जाईल. बघून येतेस का?"

"आज दूध ठेवलंच नाहीये, बाबा."

घड्याळ पळत होतं. दोघंही माझ्याकडे बघत बसलेले, अगदी पोह्यांच्या दिवशीसारखे. तरी मी तोंड उघडलं. "पंचवीसातून आठ गेले, सतरा. सतरा नव्वे एकशे त्रेपन्न. एकशे त्रेपन्न चोक सहाशे बारा."

"गेनाऊ! अचूक!" आजी ओरडल्या. त्यांनी आकडेमोड केली नव्हती, पण 'सतरा नव्वे' हे शब्द आता त्यांच्या ओळखीचे होते.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. टीव्हीकडेच बघत म्हणाले, "बरोबर."

मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. "तुम्ही बघा. मी जरा दूध बघून येतो," म्हणाले आणि रिकाम्या शेगडीकडे निघून गेले.