बिघडलेल्या वाईनच्या टाकीचा तपास

ती केस मी अजून विसरलेलो नाही आणि विसरण्याची इच्छाही नाही. "साहेब, तुमचा सगळ्यात मोठा तपास कोणता?" असं कुणी विचारलं की त्याला खून-दरोडा ऐकायचा असतो. मी मात्र कन्हेरीच्या बाजूच्या एका लहानशा वायनरीतली निळी पडलेली टाकी सांगतो. लोक जरा हिरमुसतात. हिरमुसोत बापडे.

वायनरीचे मालक स्वतः फिर्याद घेऊन ठाण्यात आले होते. चव घ्यायला परदेशातून खरेदीदार आले, त्यांच्यासमोर नव्या रेड वाईनच्या टाकीचा नळ सोडला आणि निळसर काळं पाणी बाहेर आलं.

"शाई निघाली हो शाई! पाहुण्यांसमोर नाक कापलं माझं," ते म्हणाले. त्यांचा संशय वाईन बनवणाऱ्या मुलीवर होता. ती जळोचीच्या एका बागायतदाराची लेक, या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलेली. टाकीच्या खोलीची किल्ली तिच्याकडे असे आणि वाईन कशी करायची यावरून दोघांचं नुकतंच वाजलं होतं.

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "त्या पोरीला नाशकात नोकरी लागलीया. जाता जाता टाकी नासवली तिनं."

मालकांचा धोशा सुरू झाला, आजच उचला तिला. एकदा ती पोलिसांच्या जीपमध्ये बसलेली दिसली असती, तर पुढं कोणत्याही वायनरीनं तिला दारात उभं केलं नसतं. खबर म्हणजे पुरावा नव्हे, हे मी मालकांना बजावलं. पंच बोलावले, पंचनामा केला, नमुने सील करून प्रयोगशाळेकडे पाठवले आणि महिला शिपायासमोर तिचा जबाब घ्यायला बसलो.

नोकरीचं तिनं लपवलं नाही. "बोलावणं आलं होतं, मी नाही म्हणाले. हे मिश्रण जमल्याशिवाय मी इथनं हलणार न्हाय, साहेब."

मिश्रण कसलं, हे मी विचारलं. तिनं जुन्या नमुन्यांचे पेले मांडले. मी घेत नाही, त्यामुळे नुसता वास घेत गेलो.

"आपल्या उन्हात शिराज द्राक्ष गोडीला भरतं, पण आंबटपणा टिकत नाही," ती म्हणाली. "नुसत्या शिराजची वाईन जड लागते. मालकांना तीच हवी होती. मी कॅबर्ने जातीचं द्राक्ष जरा लवकर तोडायला लावलं आणि त्यात मिसळलं. तो आंबटपणा राखायलाच माझा सगळा आटापिटा."

मग एकदम आवाज चढवून म्हणाली, "मला धरायचं तर धरा, पण ती टाकी ओतू नका! तिला काय झालंय ते मला कळलं पाहिजे."

इथं माझे कान टवकारले. गुन्हेगाराला पुरावा कधी एकदा नाहीसा होतो असं झालेलं असतं. ही तर पुरावा जपा म्हणून भांडत होती.

मी पुन्हा टाकीपाशी गेलो आणि पळी बुडवून वर काढली. पळीला चिकट तार लोंबत आली. आमच्या घरचं गुऱ्हाळ होतं. उसाच्या रसातली मळी वर यावी म्हणून भेंडीची झाडं ठेचून त्यांचा चिकट रस कढईत घालतात, आणि रस आंबट वाटला तर चुन्याची निवळी. ती तार मी लहानपणापासून पाहत आलोय.

"तुमच्याकडं गुळव्या कोण आहे?" मी विचारलं. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर गूळ उतरवणारा कारागीर. टाक्या धुणारे तात्या आधी तेच काम करायचे, असं कळलं. खोली धुवायला ती त्यांना किल्ली द्यायची. पाहुणे आले त्या दिवसापासून ते आजारी म्हणून घरीच होते.

आम्ही तात्यांच्या गावी, डाळजला गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. मला पाहताच उठले.

"सायेब, पोरीला धरलं का काय? तिनं काय बी केलं न्हाय. मीच घातली भेंडी. गढूळ दिसत व्हतं, वर आंबट. पावनं हसतील, पोरीची लाज जाईल, म्हनून आंबटपणा जाईस्तवर चुन्याची निवळीबी वतली. मला वाटलं निवंल."

लाल वाईनमध्ये चुना पडला की ती निळी पडते, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. प्रयोगशाळेच्या अहवालातही पुढं चुनाच निघाला. तात्यांना घेऊन वायनरीत गेलो, तर मालक त्यांच्यावर गुन्हा नोंदवा म्हणून हटून बसले. कायदा नुकसानीच्या या गुन्ह्याला आगळीक म्हणतो आणि त्याला हेतू लागतो, नाहीतर नुकसान होईल याची जाणीव तरी. इथं दोन्ही नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. निनावी फोन करणारा तिच्या जागेवर डोळा ठेवून बसलेला तिथलाच एक माणूस निघाला. त्याला मात्र ठाण्यात बोलावून चांगलीच समज दिली.

तात्या हात जोडून उभे होते. ती मुलगी रडत होती आणि हसतही होती. "अवो तात्या, इचारायचं तरी मला!" एवढंच ती बोलली. पुढच्या हंगामात तिनं तेच मिश्रण पुन्हा केलं आणि त्याच खरेदीदारांनी ते उचललं.

वाईट करायला कुणाला कारण होतं, हे आम्ही पोलीस आधी शोधतो. भलं करायला कोण धावलं असेल, हेही विचारावं, हे मला त्या टाकीनं शिकवलं. नोकरीत मी पुष्कळ अटका केल्या. पण त्या मुलीला जीपमध्ये बसवलं नाही, याचा अभिमान मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त वाटतो.